जाळी बदलण्याआधी ती का जळाली ते पाहा

प्रति,
मा. संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

महोदय,

दहा-बारा वर्षे वापरलेल्या पेट्रोल गाडीचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला, पिकअप गेले आणि स्कॅनरवर ‘पी ०४२०’ (कन्व्हर्टर नीट काम करत नाही) हा कोड दिसला, की गॅरेजमध्ये हल्ली मालकापुढे दोनच पर्याय ठेवले जातात. एक तर चाळीस-पन्नास हजारांचा नवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारी जाळी, बसवा, नाहीतर दोन-अडीच हजारांत जुना कापून तिथे सरळ पाइप जोडून घ्या. या दोन्हींच्या आधी जी तपासणी व्हायला हवी ती बहुतेक ठिकाणी होतच नाही, आणि त्यामुळे लोकांचे पैसे व शहराची हवा दोन्ही वाया जातात, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा शिल्प निदेशक म्हणून नोकरी केली असून आता निवृत्त आहे. त्यामुळे पत्रात थोडा वर्गातला सूर उतरला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

निमित्त माझ्या भाच्याच्या गाडीचे आहे. गाडी २०१३ च्या अखेरीस पुण्यात घेतलेली, एमएच-१२ पासिंगची, एक लाख अठरा हजार किलोमीटर चाललेली साधी पेट्रोल हॅचबॅक. जूनमध्ये तो साताऱ्याला येत असताना खंबाटकी घाटात गाडी दुसऱ्या गिअरवरही चढेना. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी इंजिन गुदमरल्यासारखे करी, आणि दोनदा बाजूला थांबून मगच तो वर पोहोचला. घरी आला तेव्हा बॉनेटखालून उग्र वास येत होता. पुण्यातल्या एका गॅरेजने त्याला आधीच ‘कॅटकॉन गेला’ असे सांगून शेहेचाळीस हजारांचा अंदाज दिला होता, आणि सरळ पाइपचा स्वस्त मार्गही सुचवला होता. कन्व्हर्टर का गेला, हे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते आणि त्यानेही विचारले नव्हते.

कन्व्हर्टर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे भाग आहे. बाहेरून तो सायलेन्सरच्या डब्यासारखा दिसतो, पण आत चिनीमातीसारख्या पदार्थाची मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. एका चौरस इंचात साधारण चारशे भोके असतात आणि त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ लेप असतो. धूर या भोकांतून जाताना कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले पेट्रोल यांचे ज्वलन पुरे होते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन सुटून साधा नायट्रोजन उरतो. हे सारे घडायला जाळी किमान अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअस तापावी लागते, आणि हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ याच्या अगदी जवळ राहावे लागते. ते प्रमाण राखण्यासाठी जाळीच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो, आणि जाळी काम करते की नाही हे पाहण्यासाठी नंतर दुसरा.

या भागात झिजणारे किंवा फिरणारे काहीच नसते, हे ध्यानात घेतले पाहिजे. ब्रेकपॅड झिजतात, क्लचप्लेट झिजते, पण चांगल्या इंजिनामागे बसलेला कन्व्हर्टर गाडीच्या आयुष्याइतका टिकू शकतो. तो अकाली गेला असेल तर बहुतेक वेळा त्याला इंजिनाने मारलेले असते. एखादा प्लग किंवा कॉइल नीट ठिणगी देत नसेल, तर त्या सिलिंडरमधले पेट्रोल न जळता जाळीत येऊन तिथेच पेटते, आणि जाळीचे तापमान हजार अंशांपलीकडे जाऊन आधी लेप निकामी होतो व मग चौदाशेच्या पुढे जाळीच वितळते. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधला फॉस्फरस लेपावर बसतो. हेड गास्केटमधून कूलंट झिरपत असेल तर त्यातल्या द्रव्यांचेही तेच होते.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मिसफायर होतो, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधले मिश्रण पेटतच नाही, तेव्हा त्या सिलिंडरमधली हवाही न वापरता बाहेर पडते. पुढच्या सेन्सरला तो जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे असा इंजिनाच्या संगणकाचा समज होतो, आणि तो सगळ्याच सिलिंडरना आणखी पेट्रोल सोडू लागतो. म्हणजे जाळी आधीच तापलेली, आणि तिच्यावर आणखी तेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना आम्ही कामाला लागलो. स्कॅनरवर ‘पी ०४२०’ होताच, पण त्याच्या सोबतीला ‘पी ०३०३’ हाही होता, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमधला मिसफायर. पहिला कोड सगळ्यांनी पाहिला आणि दुसऱ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. भाच्याला खोदून विचारल्यावर तो म्हणाला, ‘मामा, मागच्या पावसाळ्यात तो दिवा लुकलुकायचा. गॅरेजवाल्याने दोन वेळा घालवून दिला.’ स्थिर पिवळा दिवा म्हणजे सवडीने दाखवून घ्या. लुकलुकणारा दिवा म्हणजे कन्व्हर्टर जाळणारा मिसफायर आत्ता चालू आहे, वेग कमी करा आणि गाडी लवकरात लवकर दुरुस्तीला न्या. गाडीच्या पुस्तिकेत हे लिहिलेले असते, पण ती पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये विम्याच्या कागदाखाली कायमची झोपलेली असते. आणि दिवा ‘घालवणे’ म्हणजे दुरुस्ती नव्हे. तापमापीचा पारा झटकला म्हणून ताप उतरत नाही.

इंजिन गरम करून दोन्ही सेन्सरांचे आकडे पाहिले. पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वर-खाली होतो, तसाच तो होत होता. जाळी ठीक असेल तर मागच्याने ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर राहायला हवे, पण इथे तो पुढच्याची हुबेहूब नक्कल करीत होता. तेवढ्यावरही जाळीला दोष देणे घाईचे ठरते. मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या नळीच्या) गास्केटमधून किंवा पाइपच्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जात असेल तरी सेन्सर फसतो. म्हणून इंजिन थंड झाल्यावर पुन्हा चालू करून मागच्या नळीवर ओले फडके दाबून धरले आणि पुढे कुठे फुसफुस ऐकू येते का ते पाहिले. गळती नव्हती. पेट्रोलचे दीर्घकालीन समायोजन, म्हणजे संगणक नेहमीच्या मापात किती पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो तो आकडा, मात्र अठरा टक्के जास्तीचे दिसले. दहाच्या आत असते तर मी काही म्हटले नसते.

मग जाळी बुजली आहे का, हा प्रश्न. इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीला, तिथली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज जोडला. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, काटा पाऱ्याच्या अठरा इंचांवर स्थिर होता. इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर धरून ठेवले, की काट्याने क्षणभर खाली येऊन पुन्हा आधीच्या जागी जायला हवे. तो उलट हळूहळू उतरत बारापर्यंत आला, म्हणजे धुराला बाहेरची वाट मोकळी नव्हती. पुढचा ऑक्सिजन सेन्सर बावीसच्या सॉकेटने काढून त्याच्या जागी प्रेशर गेज बसवला. अडीच हजार फेऱ्यांना दर चौरस इंचाला तीन पौंडांच्या आत दाब असावा, तिथे सात पौंड आला. शेवटी तिथला गेजही काढून भोक उघडेच ठेवले आणि इंजिन रेस करून पाहिले. आवाज फार झाला, पण धुराला वाट मिळताच इंजिन पूर्वीसारखे झटकन उचलू लागले. शेजाऱ्यांची मी तिथेच क्षमा मागितली.

लेसर तापमापीने कन्व्हर्टरच्या पुढचे व मागचे तापमान पाहून निकाल देण्याची पद्धतही अलीकडे बोकाळली आहे. मागची बाजू जरा जास्त गरम असेल तर जाळी काम करते, हे ढोबळमानाने खरे आहे. परंतु आजच्या नीट चालणाऱ्या इंजिनात जाळीला जाळायलाच फारसे उरत नाही आणि फरक अगदी थोडा येतो, म्हणून केवळ त्यावरून चांगला कन्व्हर्टर बाद ठरवणे अन्यायाचे आहे. डब्यावर रबरी हातोडीने टिचकी मारून आत खुळखुळ ऐकू येणे ही त्यापेक्षा भरवशाची खूण, आणि तिला पैसेही पडत नाहीत.

रोगाचे मूळ रात्री सापडले. अंगणातला दिवा बंद करून, इंजिन चालू ठेवून, तिसऱ्या कॉइलवर कपड्यांच्या इस्त्रीच्या फवाऱ्याने पाणी मारले, तर रबरी टोपीच्या चिरेतून हेडकडे जाणारी निळी ठिणगी उघड्या डोळ्यांनी दिसली. प्लग काढला तेव्हा त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ होती. पावसात ओल धरली की ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता या रेघेवरून पळून जात होती, आणि उन्हाळ्यात कोरडी हवा आल्यावर सगळे आलबेल वाटत होते. एक कॉइल आणि चार प्लग मिळून खर्च चार हजारांच्या आत आला. हाच खर्च मागच्या वर्षी जुलैमध्ये झाला असता तर कन्व्हर्टर वाचला असता. आणि हा खर्च न करताच शेहेचाळीस हजारांचा कन्व्हर्टर बसवला असता, तर पुढच्या पावसाळ्यानंतर तोही गेला असता. माझी मुख्य तक्रार नेमकी ही आहे.

कन्व्हर्टर बदलण्याचे काम अवघड नाही, कटकटीचे आहे. या गाडीत तो इंजिनाला चिकटून, मॅनिफोल्डच्या लगेच खाली आहे. उष्णतारोधक पत्र्याचे बोल्ट आणि स्टड बारा वर्षांच्या उष्णतेने गंजून एकजीव झालेले असतात. त्यांच्यावर गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवावे लागते, एवढे करूनही एक स्टड तुटलाच. गास्केट नवेच घ्यावे. गळती थांबवण्यासाठी काही जण तिथे सिलिकॉनची पेस्ट थापतात, ती मुळीच वापरू नये, कारण सिलिकॉनच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर बाद होतात. गाडी केवळ जॅकवर उचलून खाली शिरू नये, हे मी विद्यार्थ्यांना प्रत्येक वर्षी सांगत असे आणि इथेही सांगून ठेवतो.

जुना कन्व्हर्टर हातात आल्यावर त्यात टॉर्च मारली. चांगल्या जाळीतून पलीकडचा उजेड चाळणीतून यावा तसा येतो. इथे मध्यभागी मेण ओतून पोळे बुजवावे तसा काचेसारखा चकाकणारा गोळा झाला होता, कडेच्या थोड्या भोकांतून काय तो प्रकाश येत होता, आणि डबा हलवला की सुटलेले तुकडे वाजत होते. ‘ॲसिडने धुऊन देतो’ असे सांगणारेही आज बरेच आहेत. वितळलेली जाळी धुण्याने उघडत नाही आणि उडालेला लेप धुण्याने परत येत नाही.

नवा भाग कुठला घ्यावा, यावर आमच्या घरात वाद झाला. बाजारात अगदी स्वस्त कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांची किंमत कमी असते ती प्रामुख्याने आत मौल्यवान धातू कमी असल्यामुळे. असा भाग बसवल्यावर दिवा विझतो आणि काही महिन्यांत तोच कोड घेऊन परत येतो. आम्ही मूळ कंपनीचा भाग सुट्या भागांच्या दुकानातून घेतला. तो गॅरेजने सांगितलेल्या रकमेपेक्षा बराच कमी पडला, तरी जिवावर येणारी रक्कम होतीच. तीस-पस्तीस हजार किमतीची राहिलेली गाडी असती तर मी वेगळा सल्ला दिला असता, हेही कबूल केले पाहिजे.

गाडी जोडल्यावर खंबाटकीच्या बोगद्यातून पलीकडे गेलो, घाटाखालच्या खंडाळ्याहून वळलो आणि मुद्दाम पुन्हा घाट चढलो. तिसऱ्या गिअरवर, चार माणसे बसवून, गाडी वर आली. मागचा सेन्सर ०.७ व्होल्टच्या आसपास स्थिर होता.

आता सार्वजनिक प्रश्नाकडे येतो. जाळी वितळलेल्या या गाडीकडे वैध पीयूसी प्रमाणपत्र होते, मार्च महिन्यातले. बीएस-४ (भारत स्टेज-४ हे प्रदूषण मानक) पेट्रोल चारचाकीसाठी आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्का आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. शिवाय सुमारे अडीच हजार फेऱ्यांवर कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्याच्या आत आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचे प्रत्यक्ष प्रमाण भागिले आदर्श प्रमाण) १ च्या आसपास ०.०३ च्या फरकात असावा, अशी दुसरी चाचणीही केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. भाचा सांगतो की त्याच्या गाडीत नळी जेमतेम बोटभर आत घातली, आयडलवर अर्धे मिनिट ठेवली, नंबरप्लेटचा फोटो काढला आणि प्रमाणपत्र हातात दिले. दुसरी चाचणी इंजिन रेस करून काळजीपूर्वक घेतली असती तर कन्व्हर्टर दुबळा झाल्याचे तेव्हाच कळण्याची चांगली शक्यता होती. परिवहन खात्याने केंद्रांची अचानक तपासणी करताना कागद पाहण्याऐवजी ही दुसरी चाचणी प्रत्यक्ष होते का, ते पाहावे.

ज्यांच्या गाड्या याहून जुन्या आहेत, त्यांना तर हे प्रमाणपत्र हाच एकमेव आरसा आहे. पुणे, मुंबई, सोलापूर या शहरांत २०१० पासून बीएस-४ लागू झाले असले, तरी कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेवर नजर ठेवणारी ओबीडी-२ व्यवस्था एप्रिल २०१३ पासून आली. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत मागचा सेन्सरच नाही. त्यांचा दिवा कन्व्हर्टरसाठी कधी लागणारच नाही. अशा मालकांनी व्हॅक्यूम गेज आणि चार वायूंचे विश्लेषक यंत्र असलेले गॅरेज शोधावे. सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांनी प्लग व कॉइलकडे अधिक लक्ष द्यावे, कारण सीएनजी पेटवायला ठिणगीचे व्होल्टेज जास्त लागते आणि पेट्रोलवर चालून जाणारी कमजोर कॉइल सीएनजीवर मिसफायर देते.

सरळ पाइप जोडून घेणे हा तर गुन्हाच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात असा बदल करता येत नाही, आणि प्रदूषणाच्या निकषांचा भंग झाल्यास कलम १९०(२) प्रमाणे पहिल्या खेपेस दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय तीन महिने वाहन चालवण्याचा परवाना रद्द ठेवण्याची तरतूद आहे. मागच्या सेन्सरला लांब नळीवर बसवून संगणकाला फसवणारे जुगाडही सर्रास विकले जातात. मी त्या मेकॅनिकना सर्वस्वी दोष देत नाही. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा महानगरांबाहेर शिसेविरहित पेट्रोल सहज मिळत नसे. मुंबईची गाडी गावाकडे आली, शिशाचे पेट्रोल भरले आणि कन्व्हर्टर मेला, असे होई. कापून टाकण्याची सवय त्या काळात लागली. पण शिशाचे पेट्रोल फेब्रुवारी २००० मध्ये देशभरातून गेले, आणि सवय मात्र अजून राहिली आहे.

शेवटी जुन्या भागाविषयी. पुण्यातल्या त्या गॅरेजने अंदाजपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की जुना भाग गॅरेजकडे राहील. जळालेल्या जाळीतही प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम काही ग्रॅमच्या हिशेबात शिल्लक असते. यातल्या ऱ्होडियमचा भाव २०२१ च्या मार्चमध्ये एका औंसाला एकोणतीस हजार डॉलरच्या घरात गेला होता. आज तो खूप उतरला असला तरी भंगारवाले या डब्याला बॅटरीपेक्षा चांगले पैसे देतात. जुना भाग मालकाचा आहे. तो परत मागावा, आणि गॅरेजला द्यायचाच असेल तर त्याची किंमत बिलातून वजा करून घ्यावी. त्यासोबत कन्व्हर्टर बाद ठरवताना घेतलेले आकडे, म्हणजे सगळे कोड, दोन्ही सेन्सरांचे व्होल्टेज आणि व्हॅक्यूम किंवा दाबाचे मोजमाप, बिलाच्या मागे लिहून मागावेत. जो मेकॅनिक हे लिहून द्यायला कां-कूं करतो त्याने ते मोजलेले नसतात, असा माझा अनुभव आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
सातारा

ता. क. : भाच्याच्या गाडीचा वितळलेला कन्व्हर्टर मी मधोमध कापून, कडा घासून ठेवला आहे. जवळपासच्या एखाद्या आयटीआयला वर्गात दाखवण्यासाठी तो हवा असल्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी स्वतः आणून देईन. तिसऱ्या सिलिंडरचा काळ्या रेघेचा प्लगही त्यासोबत देईन.